बुधवारची वही

आजी गेली तेव्हा तिच्या पत्र्याच्या ट्रंकेतून दोन इरकली लुगडी, हरिविजयाची पोथी आणि एक शंभर पानी वही निघाली. लुगडी आत्यांनी वाटून घेतली, पोथी देवघरात गेली. वही मी मागून घेतली. कुणाला नकोच होती.

वहीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘बुदवार’ असं लिहिलेलं आहे. खाली एकाखाली एक उतरते आकडे, आणि आकड्यापुढे हिंदी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. आजीला जसे ऐकू आले तसे. ‘है’ तिने सगळीकडे ‘हाय’ लिहिलाय. जोडाक्षरं फोडलेली आहेत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पण अक्षर टपोरं, प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पूर्ण रेघ ओढलेली. रेघ अर्धवट राहिली तर अक्षराला थंडी वाजते, असं म्हणायची.

२१ फेब्रुवारी २०२४ ला सकाळी मोबाईलवर बातमी आली की अमीन सयानी गेले, दर बुधवारी रेडिओवर ‘बिनाका गीतमाला’ हा हिंदी गाण्यांच्या लोकप्रियतेच्या क्रमवारीचा कार्यक्रम सादर करणारे. आदल्या दिवशी मुंबईत, वयाच्या ९१ व्या वर्षी. हातातला कप खाली ठेवून मी कपाटावरची पिशवी काढली आणि आधी ही वही शोधली. वही मांडीवर घेतल्यावर लक्षात आलं, आज बुधवार आहे.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. अण्णा मुंबईला गिरणीत होते. त्यांनी एका दिवाळीला मर्फीचा रेडिओ आणला, तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. रेडिओचं लायसन पोस्टात काढावं लागे, त्याचं पुस्तक आजी देवाच्या पाटाखाली ठेवायची. घरात आढ्याखालून तांब्याच्या जाळीची पट्टी ताणून बांधली होती, ती एरियल. बुधवारी संध्याकाळी आठ वाजायच्या आधी धाकटा काका रेडिओसमोर मांडी घालून बसे आणि शॉर्टवेव्हवर २५ मीटर, नाहीतर ४१ मीटरच्या आसपास सुई केसाएवढी पुढेमागे करत राही. खरखर, शिट्ट्या, मध्येच कुठलीतरी परकी भाषा. मग श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या विदेश विभागाची घोषणा सापडायची आणि काका बोट वर करायचा. त्याचं बोट वर गेलं की घरात कुणी भांडं वाजवायचं नाही.

“बहनो और भाइयो...”

आजीला पहिल्यांदा आवडलं ते हे. आमच्याकडे सभेत कुणीही उभं राहिलं तरी ‘बंधू-भगिनींनो’च म्हणणार, बंधू आधी. ती म्हणाली, “ह्यो आधी आमाला हाक मारतोय बग.” त्या दिवसापासून भाकरी सात वाजताच थापून व्हायला लागल्या.

शॉर्टवेव्हचं गाणं सरळ ऐकू येत नसे. कोलंबोहून निघालेली लहर आकाशातल्या वरच्या थरावर आपटून खाली यायची, आणि तो थर काही आरशासारखा स्थिर नसतो. त्यामुळे आवाज फुगायचा, ओसरायचा, कधी पूर्ण बुडायचा. नेमका सातव्या पायदानाला बुडाला तर आजी तेवढी ओळ कोरी सोडायची. घाबरायची नाही. कारण सयानी पुढच्या बुधवारी गाणं कोणत्या पायदानावरून वर चढलं, कुठून घसरलं, ते सांगणार हे तिला ठाऊक होतं. मग पुढच्या आठवड्यात मागचं पान उलटून ती कोरी जागा भरायची. वहीत असे कितीतरी शब्द वेगळ्या शाईत आहेत.

‘पायदान’ हा शब्दही तिला चटकन आपला वाटला. “पायदान म्हंजी आपली पायरीच की.” त्या काळी कुणीही सहज ‘नंबर सात’, ‘नंबर सहा’ म्हटलं असतं. सयानींनी पायदान म्हटलं आणि गाणी जिना चढायला लागली, घसरायला लागली, एकमेकांना ओलांडायला लागली. शेवटी बिगुल वाजायचा. बरेच आठवडे टिकून राहिलेलं गाणं ‘सरताज गीत’ होऊन मानाने बाजूला व्हायचं. यादी वाचून दाखवणं हे तसं तलाठ्याचं काम. त्या यादीत कुस्तीच्या फडाची उत्सुकता आणायची आणि तरी आवाज कुठे चढवायचा नाही, हे त्यांचं कौशल्य मला पुढे माईकसमोर बसल्यावर कळलं.

माझी आजी वाचायला शिकली ती चाळिशीत. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. रात्री शेतातून आलेल्या बाया-बापड्यांना कंदिलाच्या उजेडात अक्षरं शिकवायची आणि सारं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी ती मोहीम. आमच्याकडे वर्ग मारुतीच्या देवळात भरायचा. आजी तिथे शिकली, नाव लिहायला लागली, समारंभात तिला सगळ्यांसमोर फळ्यावर ओळ लिहायला लावली होती, हे ती शेवटपर्यंत सांगायची. पण खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. अक्षरं आली, आता वाचायचं काय? मुलांची पुस्तकं वाचून मोठ्या माणसाला कमीपणा वाटतो. वर्तमानपत्रातलं मराठी डोक्यावरून जातं. पोथी पाठच असते, तिथे डोळे वाचत नाहीत, तोंड म्हणतं. हात आणि डोळे वापरात राहिले नाहीत तर चार-पाच वर्षांत शिकलेलं पुसून जातं. आजीच्या वर्गातल्या कितीतरी बायका पुन्हा अंगठ्यावर आल्या. आजी आली नाही, ती या वहीमुळे.

अमीन सयानींच्या घरी नेमकी हीच अडचण सोडवायचं काम चालायचं, हे मला पुष्कळ उशिरा, त्यांच्याविषयी वाचताना समजलं. त्यांच्या आई कुलसुम सयानी या मुंबईत प्रौढशिक्षणाचं काम करणाऱ्या. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढलं. १९४० ते १९६० अशी वीस वर्षं ते चाललं. एकच मजकूर, तीन लिप्यांत: देवनागरी, उर्दू आणि गुजराती. भाषा मात्र एकच, बाजारात नि चाळीत बोलतात ती साधी हिंदुस्तानी. अमीन १९३२ चे, म्हणजे पाक्षिक निघालं तेव्हा सात-आठ वर्षांचे. मोठे होता होता ते आईला संपादनात, छपाईत मदत करू लागले. आपल्या बोलण्याचा पाया तिथे पडला असं ते स्वतः सांगत.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले. मुंबईत एक मुलगा आईच्या शेजारी बसून, नुकतीच अक्षरं शिकलेल्या माणसाला कुठला शब्द कळेल आणि कुठला अडेल, याचा विचार करायला शिकतो. पुढे तो रेडिओवर बोलतो. आणि तिथून दूर, मारुतीच्या देवळात अक्षरं शिकलेली एक बाई त्याचं बोलणं ऐकून वहीत उतरवते. तो ज्या माणसासाठी बोलायला शिकला होता, ते माणूस आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेलं होतं. आजी म्हणायची, “भराभरा बोलतोय, पर समदं कळतंय बग.” तिला हिंदी येत नव्हतं. मुंबई तिने दोनदा पाहिली होती, तीही अण्णांच्या खोलीपुरती.

सयानींनाही हिंदी आयतं आलेलं नव्हतं. घरचं वळण गुजराती, शाळा आधी गुजराती माध्यमाची, मग ग्वाल्हेरचं सिंदिया स्कूल. मोठे भाऊ हमीद सयानी इंग्रजीतले नावाजलेले निवेदक, त्यांचं बोट धरून अमीन आकाशवाणीवर आले ते इंग्रजी कार्यक्रमांत. हिंदीसाठी स्वरचाचणी दिली तेव्हा उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छटा आहे म्हणून नापास झाले. पुढे सारा देश ज्याचं हिंदी ऐकून हिंदी शिकला, तो माणूस हिंदीत नापास! मला ही गोष्ट फार जवळची आहे. कारण पुढे सांगते.

१९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. केसकरांना शास्त्रीय संगीत घराघरांत न्यायचं होतं, आणि त्या आग्रहातून चांगलंही पुष्कळ घडलं. पण लोकांनी सुई फिरवली ती सरळ सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या रेडिओला. तिथे युद्धकाळातला जबरदस्त ट्रान्समीटर होता, जाहिराती चालत होत्या, गाणी वाजत होती. सिलोनचे हिंदी कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचे आणि टेप विमानाने कोलंबोला जायच्या. तरुण अमीन तिथे ओव्हल्टिनच्या कार्यक्रमात जाहिरात वाचायला लागले, मोबदला आठवड्याला ओव्हल्टिनचा एक डबा. मग टूथपेस्टवाल्यांना एक नवा गाण्यांचा कार्यक्रम हवा होता. आठवड्याला २५ रुपये, आणि त्यात लिहिणं, बोलणं, पत्रं बघणं, सगळंच एकट्याने करायचं. बाकी कुणी तयार होईना, यांनी घेतला. ३ डिसेंबर १९५२ ला ‘बिनाका गीतमाला’ पहिल्यांदा लागली. तोही बुधवारच. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली, आणि पुढे आठवड्याला ६५,००० पर्यंत जाऊ लागली.

सुरुवातीला गीतमाला म्हणजे एक कोडं होतं. सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी त्यांचा काळाप्रमाणे क्रम लावून पाठवायचा. पत्रांचा असा ढीग झाला की पद्धत बदलावी लागली, आणि लोकप्रियतेची उतरंड आली. मग प्रश्न आला तो लोकप्रियता मोजायची कशी. पत्रं तर कुणीही गठ्ठ्याने टाकू शकतं. म्हणून रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानांकडून खपाचा अंदाज घेतला जाई आणि जोडीला गावोगावच्या श्रोता संघांची मतं. काकाने आणि त्याच्या तीन मित्रांनी कोरेगावात एका शिंप्याच्या दुकानात असाच श्रोता संघ काढला होता. रबरी शिक्का बनवून घेतला होता. १५ पैशांच्या पोस्टकार्डावर गाणी लिहायची, खाली चौघांच्या सह्या, त्यावर तो जांभळा शिक्का. एकदा काकाने आजीलाही विचारलं, तुझं कुठलं गाणं घालू? तिने वही उघडून, चष्मा लावून, मागची चार पानं तपासून उत्तर दिलं. आपल्या मताची कुठेतरी नोंद होणार आहे म्हटल्यावर माणूस किती नीट विचार करतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. तिच्या मताने गाणं चढलं की नाही, देव जाणे. कार्ड मात्र तिने स्वतः पेटीत टाकलं.

आमच्या घरात तेव्हा सगळे राखेने नाहीतर मंजनाने दात घासायचे. अण्णांनी एकदा मुंबईहून बिनाकाची ट्यूब आणली. तिच्या खोक्यात प्लॅस्टिकचा चिमुकला प्राणी निघायचा, आमच्या वाट्याला हत्ती आला. तो हत्ती कित्येक वर्षं रेडिओवर उभा होता. ट्यूब संपली ती माझ्या मावशीच्या लग्नात, पाहुण्यांसाठी बाहेर काढली तेव्हा.

मी माईकसमोर बसेन असं कुणाच्याच डोक्यात नव्हतं. बी. ए. झाल्यावर आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक निवेदकासाठी स्वरचाचणी दिली. नापास. माझा ‘ण’ कुठे ‘न’ व्हायचा, कुठे नको तिथे ठासून यायचा. घरी आले, रडले, आणि मग रोज संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लागले. आजी तोवर गेली होती. समोर आई तांदूळ निवडत बसलेली असे. मी वाचायचे, “पर्जन्यमानातील तुटीमुळे खरिपाच्या पेरण्या विलंबाने होण्याची शक्यता वर्तविण्यात आली आहे.” आई सुपातून मान वर करून विचारायची, “म्हंजी?” मग मी तेच पुन्हा सांगायचे: “पाऊस कमी झालाय, त्यामुळे या वर्षी पेरण्या लांबतील.” आई मान खाली घालायची. तिची मान खाली गेली की वाक्य जमलं. दोन वर्षांनी पुन्हा चाचणी दिली आणि घेतलं गेलं. ‘ण’ही सुधारला, पण मला वाटतं निवड झाली ती आईच्या ‘म्हंजी’मुळे.

नंतर सव्वीस वर्षं ड्यूट्या केल्या, महिन्याला जेमतेम सहा. पहाटेच्या प्रसारणाला साडेपाचला केंद्रावर पोचायचं, क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांच्या क्रमाचा कागद, बघायची, टेपचे स्पूल लावून ठेवायचे, लाल दिवा लागला की आवाजाचा फेडर हळू वर घ्यायचा. काचेपलीकडे कुणी नसतं. पहिल्या काही महिन्यांत मी ‘श्रोतेहो’ म्हणून त्या काचेशीच बोलत होते, आणि आवाज लाकडासारखा यायचा. एका ज्येष्ठ निवेदकांनी सांगितलं, कुणा एकाला समोर बसव आणि त्याच्याशी बोल. मी आजीला उंबऱ्यावर बसवलं. तिला एकदा विचारायचीही गरज नव्हती, वही घेऊन ती तयारच असायची.

सयानी सात ‘स’ सांगत. बोलणं सही, सत्य, सरल, स्पष्ट, सभ्य, सुंदर आणि स्वाभाविक असावं. ऐकायला हे भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटतं. पण त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतला एखादाच मिनिट घेऊन पाच-सहा वेळा ऐका. ते श्वास कुठे घेतात ते कळत नाही. नाव घ्यायच्या आधी किंचित थांबतात. गीतकार, संगीतकार, गायक ही तिन्ही नावं घेताना तिन्हींना सारखं वजन देतात, गाजलेल्या नावावर आवाज रेंगाळत नाही. आणि मुख्य म्हणजे हसून बोलतात. दिसत नसलं तरी हसू ऐकू येतं, ओठ ताणले की स्वर उजळतो. मी निवेदकांच्या कार्यशाळेत नवीन मुलांना हे ऐकवत असे. त्यांच्या बोलण्याची नक्कल करणारे हजारो झाले, तो खर्ज, ते हेलकावे. नक्कल आवाजाची होते. समोरच्याला अडेल असा शब्द तोंडातून येण्याआधीच बाजूला करण्याची जी सवय ‘रहबर’च्या प्रुफांवर लागली होती, तिची नक्कल करून ती येत नाही. आज एफ. एम. वर मुलं-मुली सपासप बोलतात, त्यांच्यात काही खरोखर गुणी आहेत. पण बहुतेकांच्या बोलण्यात समोर कोण आहे, हेच ऐकू येत नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण आमच्या गावात टीव्ही आला तो बारा-तेरा वर्षांनी. छायागीत आलं, चित्रहार आलं. गाणी दिसायला लागली. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टीव्हीसमोर सारा गाव बसायचा आणि घरातला रेडिओ गप्प. काकासुद्धा तिकडे जायचा. आजी दोनदा गेली आणि परत आली. म्हणाली, “तिथं आपल्याशी कुनी बोलत न्हाई.” मग सुई लावायला मी बसायचे. गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. म्हणजे एका कार्यक्रमाची चार दशकं. त्याखेरीज बोर्नव्हिटा क्विझ होतं, ते आधी हमीदभाई करायचे आणि १९७५ मध्ये ते गेल्यावर अमीन यांनी हाती घेतलं. सिनेमांचे प्रायोजित कार्यक्रम, कलावंतांच्या मुलाखती, एड्सग्रस्तांवरची मालिका. ५४,००० कार्यक्रमांची नोंद आहे. २००९ मध्ये पद्मश्री मिळाली.

एकदा एका मासिकात त्यांचा फोटो आला होता. सूट, टाय, हातात कागद. मी आजीला दाखवला. तिने तो उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला. मला वाटलं ती काहीतरी म्हणेल, त्यांच्या रूपाबद्दल किंवा वयाबद्दल. तिने विचारलं, “हातात कागद कशाला? ह्यो वाचून बोलतो व्हय?” मी म्हटलं, हो, सगळं आधी लिहिलेलं असतं. तिला ते खरं वाटेना. इतकं समोरासमोरचं बोलणं कुणी लिहून कसं ठेवेल? मग थोड्या वेळाने म्हणाली, “मंग त्याला आमचं काय काय ठावं असंल, नव्हं?” फोटो तिने परत केला आणि भाकरीच्या पिठाकडे वळली.

आजी १९८६ च्या पावसाळ्यात गेली. आजार चार दिवसांचा. त्याच्या आधीच्या बुधवारी रात्री वीज कडाडत होती, शॉर्टवेव्हवर नुसती खरखर होती, मी सुई धरून बसले होते आणि ती वही मांडीवर घेऊन. जेवढं सापडलं तेवढं तिने लिहिलं.

सयानी गेल्याची बातमी आली त्या सकाळी मी वही शेवटच्या पानावर उघडली. वर ‘बुदवार’, रेघ पूर्ण ओढलेली. खाली आकडे आहेत, गाणी आहेत. सहाव्या पायदानापुढची जागा कोरी आहे.